वहीवरचं नाव

मुलांनो, तुमच्या शाळेच्या स्वेटरला आतून, मानेपाशी, नावाची पट्टी शिवलेली आहे का? शहरातल्या काही शाळांत तशी पद्धत असते. स्वेटर हरवला तरी परत मिळतो म्हणून. मला आयुष्यातला पहिला स्वेटर मिळाला, त्यालाही अशी पट्टी होती. निळा स्वेटर, पांढरी पट्टी आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं काढलेलं नाव. फक्त ते नाव माझं नव्हतं!

खरं म्हणजे मला तुम्हांला नेपाळची गोष्ट सांगायची आहे. पण स्वेटरची सांगितल्याशिवाय ती नीट कळायची नाही, म्हणून आधी ही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. मिरवणुकीतून दमून आलेली माणसं गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हादरली. किल्लारीचा भूकंप म्हणतात तो हाच. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आमच्याकडची घरं म्हणजे दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण भिंत हलली की ते सगळं ओझं खाली! आम्ही त्या रात्री अंगणात झोपलो होतो, म्हणून वाचलो. शेजारचे वाचले नाहीत. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मग आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. मदतीचे ट्रक यायचे. कुठून कुठून आलेली चांगली माणसं होती ती, आणि त्यांनी आणलेल्या धान्यावर, औषधांवर आम्ही जगलो हे खरं आहे. पण काही ट्रकांवरून कपडे खाली फेकले जायचे. फेकले, की माणसं झोंबायची. माझी आई मात्र शेडच्या दारातून हलायची नाही. मी तिचा पदर ओढायचे. ती म्हणायची, "बस गप. फेकल्यालं घ्यायचं नसतं."

पण थंडी काही आईचं ऐकत नाही. पत्र्याचं घर डिसेंबरात कसं गार पडतं ते त्यात राहिल्याशिवाय कळत नाही. शेवटी काकूनं कुठूनसा तो निळा स्वेटर आणला आणि आईनं मुकाट्यानं माझ्या अंगात घातला. शेडमधल्या शाळेत एका मोठ्या मुलीनं पट्टीवरचं नाव वाचलं, आणि झालं! दोन वर्षं सगळी पोरं मला त्याच नावानं हाक मारत होती. ते नाव मी इथं सांगत नाही. पट्टीवरच्या त्या मुलीचा मला फार राग यायचा. आणि कधीकधी रात्री वाटायचं, ती कशी असेल? स्वेटर दिल्यावर तिला थंडी वाजत असेल का? आपण तिला पत्र लिहावं. पण पट्टीवर नाव होतं, पत्ता नव्हता.

पुढं मी डी. एड. केलं आणि शिक्षिका झाले. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला. ७.८ तीव्रतेचा, गोरखा जिल्ह्यात. जवळजवळ ९ हजार माणसं गेली. पाच लाखांवर घरं पडली. हजारो वर्गखोल्या कोसळल्या. पण मुलांनो, नेपाळात तेव्हा आठवड्याची सुट्टी रविवारी नसायची, शनिवारी असायची. आणि तो दिवस शनिवार होता, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी होती. शाळा भरलेल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार त्या दिवशी माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांच्या मनात आला असेल.

टीव्हीवर पडलेल्या भिंती पाहिल्या आणि मी ओळखल्या. दगडमातीच्याच होत्या. मनात आलं, आपल्याला तेव्हा लोकांनी हात दिला, आता आपली पाळी. लगेच जाणं जमलं नाही. २०१७ च्या मे महिन्याच्या सुट्टीत जमलं. पुण्याच्या एका संस्थेची अकरा जणांची तुकडी घरं बांधायला निघाली होती, तिच्यात मी नाव दिलं. जायचा-यायचा खर्च ज्याचा त्यानं करायचा होता.

निघण्याआधी माझ्या तिसरीच्या वर्गाला मी सांगितलं, की तिथल्या शाळेतल्या मुलांना द्यायला ज्यांना जमेल त्यांनी एकेक कोरी वही आणा. जमेल त्यांनीच. आणि एक अट घातली, वहीवर कुणीही आपलं नाव लिहायचं नाही. "का हो बाई?" असं सगळ्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं नाही. २६ वह्या जमल्या.

मुंबईहून गोरखपूरची गाडी, तिथून सुनौलीची सीमा. परदेशात जायचं म्हणून मी किती घाबरले होते! पण भारताच्या माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. मतदान ओळखपत्र जवळ ठेवलं, पिशव्या उचलल्या आणि एका कमानीखालून चालत पलीकडं गेलो. झालं परदेश! फक्त घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं आणि आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० घ्यायचे. पाट्या सगळ्या देवनागरीत. मी आनंदानं मोठ्यानं वाचत सुटले. आणि एका पाटीपाशी थांबलेच. ‘जिल्ला शिक्षा कार्यालय’. बाप रे! या देशात शिक्षा करायला जिल्ह्याजिल्ह्यात कार्यालयं आहेत की काय? मग कळलं, नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आमच्या तुकडीतले एक काका म्हणाले, "काही मुलांच्या मते दोन्ही एकच आहे."

काठमांडूहून वायव्येला नुवाकोट जिल्हा. बस ककनीच्या डोंगरावरून वळणं घेत घेत त्रिशूली नदीच्या खोऱ्यात उतरते. आमचं गाव त्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमध्ये होतं. रस्ता संपला तिथून दीड तास चढ. त्या वर्षी १४ मे ला तिथं वीस वर्षांनंतर पहिल्यांदाच गावपातळीच्या निवडणुका होत्या, त्यामुळं अर्धवट पडलेल्या भिंतींवरसुद्धा उमेदवारांचे कागद चिकटवलेले. दोन वर्षं होऊन गेली तरी बहुतेक कुटुंबं अजून पत्र्याच्या खोपटांत राहत होती. पहिल्या रात्री पाऊस आला. पत्र्यावर पावसाचा तो आवाज ऐकला आणि मला झोप लागली नाही.

ज्या घरी मी काम केलं, तिथं पाच जणी होत्या. आजी, आमा म्हणजे आई, आणि तीन मुली. वडील मलेशियात कारखान्यात होते. तिथल्या कितीतरी घरांतले बाप असेच मलेशियात नाहीतर आखाती देशांत असतात. (आम्ही कामाला म्हणून त्यांच्या देशात गेलो आणि त्या घरचा माणूस कामाला म्हणून तिसऱ्याच देशात. ही गंमत मला फारशी हसू आणणारी वाटली नाही.) नेपाळात घरातल्या मुलांना नंबरानं हाक मारायची पद्धत आहे. मोठी ती जेठी, मधली माइली, धाकटी कान्छी. कान्छी पाचवीत होती. टीव्हीवरच्या मालिका पाहून तिला हिंदी छान यायचं, त्यामुळं ती आमची दुभाषी. मला ती ‘दिदी’ म्हणायची.

आता माझ्या पराक्रमाची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी मी पोतं उघडलं. गावातली वीसपंचवीस मुलं आमच्याभोवती उभी होतीच. बरोबर आणलेले बिस्किटांचे पुडे मी वाटायला सुरुवात केली. आधी हातात देत होते. मग गर्दी झाली, मागची मुलं रडायला लागली, म्हणून मी एका दगडावर चढले आणि मागच्यांकडं पुडे टाकायला लागले. आमच्यातला एक मुलगा फोटो काढत होता. तेवढ्यात कान्छी पुढं आली. आणि खोपटाच्या दारातून आमानं तिला एकच हाक मारली. रागावून नाही, साधीच. कान्छी वळली आणि परत गेली. जेठी, माइली तर आल्याच नव्हत्या. आमा दारातच उभी होती. तिची ती उभी राहायची तऱ्हा मी ओळखली. चोवीस वर्षांपूर्वी मी त्याच पदराला धरून उभी होते की! हातातला पुडा मी कसाबसा जवळच्या मुलाला दिला आणि दगडावरून उतरले. वह्यांचं पोतं बांधून कोपऱ्यात ठेवून दिलं. नंतर किती दिवस मी त्याला हातच लावला नाही.

कामाचं म्हणाल तर तिथं आमचा फारसा उपयोग नव्हता, हे पहिल्या तीन दिवसांत कळलं. पडलेल्या घराचे दगड निवडायचे, डोकोत भरायचे आणि वाहायचे. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली. तिचा पट्टा खांद्याला नसतो, कपाळाला असतो, त्याला नाम्लो म्हणतात. माइली तेरा वर्षांची, ती माझ्या दुप्पट दगड नेत होती. मला मान सरळ ठेवता येईना. मग मला भिंतीवर दगड रचायला बसवलं. एक हात लांबीची भिंत मी दिवसभर रचली, मला फार सुंदर वाटली. गवंडी, त्यांना सगळे मिस्त्री दाइ म्हणत, त्यांनी ती पाहिली, हसून "राम्रो" म्हणाले. राम्रो म्हणजे छान. संध्याकाळी मी नळावर हातपाय धुऊन परत येते तो काय, मिस्त्री दाइ माझी भिंत गुपचूप उतरवत होते!

मी पाहिलंय हे त्यांना कळलं, तेव्हा बिचारे फार ओशाळले. मग कान्छीला मध्ये घेऊन त्यांनी मला भिंतीची शाळा शिकवली. ती तुम्हांलाही सांगते, कारण आपल्याकडच्या खेड्यांतही अशी घरं आहेत. दगडाची जाड भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती असतात, एक बाहेरची, एक आतली, आणि मध्ये माती आणि बारीक दगड. जमीन हलली की त्या एकमेकींपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड घालायचा. तो दोघींना धरून ठेवतो. माझ्या सुंदर भिंतीत असा एकही दगड नव्हता. शिवाय जोत्यावर, खिडकीखाली, दाराच्या वर आणि छपराखाली असा चारही भिंतींना कवळून जाणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा घालायचा. पेटीला दोरी बांधतो ना, तसा. भूकंपात मग घर पेटीसारखं एकत्र हलतं. आमच्या लातूरकडची घरं पडली, तीही असे पट्टे आणि असे दगड नव्हते म्हणूनच.

सरकार घरासाठी तीन लाख नेपाळी रुपये देत होतं, तीन हप्त्यांत. पहिले पन्नास हजार. मग इंजिनिअर येऊन जोतं बघणार, पट्टा बघणार, तेव्हा पुढचा हप्ता. तेवढ्यात दोन खोल्यांचं एकमजली घर होत होतं. आमाचं पहिलं घर दोन मजली होतं, वर माळा होता, त्यात मका राहायचा. "भूकंपात पडणार नाही हे खरं, पण मका कुठं ठेवू?" असं ती प्रत्येक इंजिनिअरला विचारायची. उत्तर कुणाकडंच नव्हतं.

रात्री मी एक हिशेब केला. आम्ही अकरा जणांनी रेल्वे, बस, जेवण यांवर जेवढा खर्च केला, त्यात मिस्त्री दाइंसारख्या दोघातिघांची मजुरी कितीतरी दिवस निघाली असती. मग आपण इथं का आलो? मला वाईट वाटलं ते खोटं नाही सांगत. आणि आमच्यासाठी आमा पहाटे उठून भात रांधत होती, कान्छी शाळेत जाण्याआधी आमच्या वाटचं पाणी भरत होती ते वेगळंच. पाहुण्यांना ढिंडो कसा द्यायचा म्हणून भात. ढिंडो म्हणजे मक्याच्या किंवा नाचणीच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं उंडं. चौथ्या दिवशी मी कान्छीला सांगितलं, "माझ्या आईच्या घरी आम्ही ज्वारीची कण्या-भाकरीच खातो, मला ढिंडोच दे." तिनं आमाला सांगितलं. आमानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या रात्री ढिंडो आणि गुन्द्रुकची आंबट आमटी मिळाली. "मीठो?" तिनं विचारलं. मला वाटलं, मीठ कमी पडलं का विचारते आहे. मी म्हटलं, "नको, नको, बरोबर आहे!" सगळ्या पोट धरधरून हसल्या. मीठो म्हणजे चवदार! मीठ पाहिजे असेल तर नून मागायचं.

त्या दिवसापासून आम्ही पाणी आपलं आपण भरायला लागलो आणि मी चुलीपाशी बसायला लागले. बसल्या बसल्या मी किल्लारीचं सांगितलं. पत्र्याच्या शेडचं, आईचं. आमा ऐकत राहिली. मग तिनं माझ्याकडं बोट करून आजीला काहीतरी म्हटलं. कान्छीनं हिंदीत केलं, "आई म्हणते, हिचं पण पडलं होतं."

मग एक दिवस आमानं हिशेब काढला. भिंतीवर कोळशानं रेघा मारलेल्या मी पाहिल्या होत्या. मला वाटलं होतं दुधाचा रतीब असेल. तो आमच्या कामाच्या दिवसांचा हिशेब होता! तिकडं ‘पर्म’ म्हणून पद्धत आहे. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या. पैसे द्यायचे नाहीत, दिवस परत द्यायचे. आपल्याकडच्या सावडीसारखंच. आमाच्या लेखी आम्ही मदतनीस वगैरे नव्हतोच, पर्मला आलेली माणसं होतो. तिच्या भिंतीवर माझ्या नावे दहा रेघा होत्या. "पर्म तिर्नुपर्छ," ती म्हणाली. फेडावं लागतं. मी हसून म्हटलं, "लातूरला कशी येणार?" ती काही हसली नाही. विचारात पडली. मला माझं हसणं आवडलं नाही.

निघायला दोन दिवस होते. गावच्या शाळेच्या हेडसरांना मी जाऊन भेटले आणि सांगितलं, की वह्या आहेत, मी वाटणार नाही, तुम्हांला योग्य वाटेल तसं करा. शाळा पत्र्याच्या वर्गांतच भरत होती. वैशाखात त्यांचं नवं वर्ष सुरू होतं, म्हणजे आपल्याला सुट्टी तेव्हा त्यांचे वर्ग चालू. हेडसर म्हणाले, "पाचवीला नव्या कापी लागणारच आहेत." नेपाळीत वहीला कापी म्हणतात आणि पेन्सिलीला सिसाकलम. किती छान शब्द आहे ना? त्यांनी हजेरी घेतली. एकेक नाव पुकारायचं, मुलानं उठून यायचं, वही घ्यायची, जागेवर जायचं. ना गर्दी, ना रडारड. दगडावर चढायच्या आधी मला हे सुचलं नाही आणि मी म्हणे शिक्षिका!

हेडसरांनी एक नाव पुकारलं आणि कान्छी उठली. मी दचकले. इतके दिवस मी त्या घरात जेवले, तिच्या आईच्या चुलीपाशी बसले, तिच्याकडून दोनतीनशे शब्द शिकले, आणि त्या मुलीचं खरं नाव मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं! वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव तिसऱ्या दिवशी पाठ असतं असा मला अभिमान. तिनं मात्र पहिल्या दिवशीच माझं नाव विचारून घेतलं होतं, आडनावासकट.

तिनं वही उघडली. आणि पहिल्या पानावर निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात नाव! माझी अट एकानं मोडली होती. नुसतं नाव नाही, पुढं इयत्ता तिसरी, जिल्हा परिषद शाळा, गाव, तालुका, जिल्हा लातूर, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी, सूर्यमाला. तुमच्यापैकी कितीजणांनी असा पत्ता लिहिलाय ते मला माहीत आहे! पण मला मात्र लाल दोऱ्याची ती पट्टी आठवली. मी पटकन पुढं झाले आणि म्हटलं, "दे, ते पान फाडून देते."

कान्छीनं वही पाठीमागं लपवली.

"यो कसको नाम हो?" तिनं विचारलं. हे कुणाचं नाव? मी सांगितलं, माझ्या वर्गातल्या एका मुलाचं. तिनं पुन्हा सगळं वाचून काढलं, देवनागरीच ते, तिला अडलं नाही. सूर्यमालेपाशी ती हसली. मग म्हणाली, "पत्ता आहे की. पत्र लिहिता येईल."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सगळ्या वह्यांवरची नावं मी काढायला लावली होती, आणि पत्ते देखील.

संध्याकाळी घरी तिनं आमाला वही दाखवली. आमानं त्या नावावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मुलाबद्दल बरंच विचारलं. किती वर्षांचा, आईवडील काय करतात. मी सांगितलं, की त्याचे आईवडील ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडून जातात, उन्हाळ्यात परत येतात. तोपर्यंत तो आजीपाशी राहतो, कधी त्यांच्याबरोबर जातो. आमानं मान हलवली. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. निघताना तिनं दोन पुड्या बांधून दिल्या, दोन्हींत वाळवलेला गुन्द्रुक. एक माझ्या आईसाठी. दुसरी त्या मुलाच्या घरी द्यायची.

आई गुन्द्रुक खाऊन म्हणाली, "आपल्या वाळल्या चाकवतासारखं लागतंय, पर आंबट." तिला मी रेघांचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई शहाणी हाय ती."

पत्र आलं ते दिवाळीच्या थोडं आधी. टपालानं नाही, संस्थेचे एकजण पुन्हा तिकडं गेले होते, त्यांच्याबरोबर. पाकिटावर त्या मुलाचा पत्ता, अगदी सूर्यमालेपर्यंत. आत नेपाळीतलं पत्र, खाली तिचं पूर्ण नाव आणि तिचाही पत्ता. (दोघांचीही नावं मी इथं देत नाही, दोघांना विचारलेलं नाही.) माझी तिसरी आता चौथी झाली होती. सगळ्या वर्गानं मिळून ते पत्र सोडवलं, कोड्यासारखं. ‘शिक्षा’ आली तेव्हा गोंधळ झाला, ‘मीठो’ला हशा झाला. पत्रात लिहिलं होतं, की घराचं छप्पर झालं. मका सध्या आजीच्या खाटेखाली आहे. त्यामुळं आजीला उंदरांची झोप लागते. म्हणजे काय ते आम्हांला नीट कळलं नाही, पण मुलांना फार आवडलं. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘हाम्रो घर बन्यो। तिम्रो घर कस्तो छ?’ आमचं घर झालं. तुझं घर कसं आहे?

ज्याला पत्र आलं होतं, तो उत्तर लिहायला वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि उभाच राहिला. आठ दिवसांनी त्याचे आईवडील निघणार होते, या वर्षी तोही जाणार असं घरात चाललं होतं. मी त्याच्या आजीशी त्याबद्दल बोलत होतेच.

"बाई, कोणतं घर लिहू? गावातलं का कोपीचं?"

कोपी म्हणजे उसाच्या फडापाशी बांधतात ती खोप, बांबूंची आणि पाचटाची. मी म्हटलं, "तुला वाटेल ते. दोन्ही लिही की."

त्यानं दोन्ही लिहिली. गावातल्या घराला दोन ओळी. कोपीचं मात्र त्यानं चित्र काढलं, बैलगाडी आणि चूल यांच्यासकट, आणि खाली बाण काढून लिहिलं, ‘हे घर आम्ही एका दिवसात बांधतो. भूकंप झाला आणि अंगावर पडलं तरी लागत नाही. तुझ्या आईला सांग.’